कुंडी कोणी धरली होती

माझ्या पुस्तकात एकतीस बागा आहेत. त्यातल्या तीस बागांबद्दल मी लिहिलेलं बरोबर आहे.

पुस्तक म्हणजे मार्गदर्शिका. आमच्या परिसरातल्या बघण्याजोग्या सार्वजनिक बागा आणि जुन्या घरांची आवारं. प्रत्येक जागेला दोन पानं. कसं जायचं, कधी उघडतं, कोणत्या महिन्यात काय फुलतं, बसायला बाक आहेत का, स्वच्छतागृह कुठे. साहित्यात एम.ए. झाल्यावर मला मिळालेलं हे पहिलं काम. मी ते मन लावून केलं. तळ्याकाठच्या नगरपालिकेच्या बागेत बाक मोजले. एका जुन्या न्यायाधीशांच्या घरामागे कुंपणझाडांचा चक्रव्यूह आहे, त्यात दोनदा हरवले. दोन्ही वेळा एकाच आजोबांनी बाहेर काढलं. ते तिथे रोज पेपर वाचायला बसतात. "इथे बायको येत नाही शोधायला," म्हणाले. "तिला रस्ता सापडत नाही."

एकतिसावी बाग मोठ्या घराची. शहराच्या उत्तर टोकाला, उंच विटांच्या भिंतीच्या आत. घरात आता कोणी राहत नाही. खालच्या चार खोल्या लोकांना बघायला उघड्या असतात, वर न्यासाचं कार्यालय आहे. लोक खोल्यांतून भराभर चालत निघतात आणि बागेत येतात. बागेत ते गुलाबासाठी येतात. दक्षिणेच्या भिंतीवर चढलेला पांढरा वेलगुलाब. खाली पितळी पाटी होती: घराच्या बाईसाहेबांनी स्वहस्ते लावलेला. एकशे तीस वर्षांपूर्वीची तारीख. फुलायच्या दिवसांत ती अख्खी भिंत दिसेनाशी होते.

बाकीच्या बागांत मी एकेकदा गेले. इथे अकरा वेळा गेले. कारण इथले माळी.

त्यांना सगळे खुरपेमास्तर म्हणायचे. खुरपं कमरेला आणि शिकवायची खोड, म्हणून. मी काका म्हणायचे. अडतीस वर्षं ते त्या बागेत होते. भिंतीला लागून दोन खोल्यांचं माळ्याचं घर, त्यात ते आणि काकू. साठीनंतर न्यास त्यांना दर वर्षी एका वर्षाची मुदतवाढ द्यायचा. एका ओळीचं पत्र यायचं. काकू ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवायच्या. तीन पत्रं झाली होती. चौथ्याची वाट होती.

"आणि नाही आलं तर?" मी एकदा विचारलं.

"तर मी कुठे जाऊ? लेकाच्या तिसऱ्या मजल्यावर?" काका म्हणाले. "तिथे गॅलरीत चार कुंड्या मावतात. मला पाचवीत बसावं लागेल."

"बसा की," काकू आतून म्हणाल्या. "मी पाणी घालीन. दिवसाआड."

"रोज लागतं मला."

"म्हणूनच म्हणते, पत्र येऊ दे बाई. हे घरी बसले तर आधी मला छाटतील."

त्या दोघांच्या हसण्यात मी चहा प्यायचे. काकू मला 'अगं' म्हणायच्या. आल्या आल्या, अगं, पाय पूस, आत चिखल नको. तिथे मी कोणाची पाहुणी नव्हते. पुढे जे झालं त्यात मला हेच जास्त लागतं.

गुलाबाची गोष्ट काकांनी मला अवजारांच्या खोलीत सांगितली. सांगितली म्हणजे काय, शिकवताना ओघात आली. ते मला डोळा भरायला शिकवत होते. हव्या त्या गुलाबाच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट काढायचा. रानगुलाबाच्या खुंटावर सालीत चीर द्यायची, त्यात तो सरकवायचा, पट्टीने बांधायचा. डोळा धरला की वरचा खुंट कापून टाकायचा. मुळं रानातली, झाड हवं ते. माझे पहिले चार डोळे वाळले.

"मास्तरीणबाई, डोळा आहे तो, गाठोडं नाही. एवढं घट्ट कशाला बांधता?"

मग ते म्हणाले की भिंतीवरचा गुलाबसुद्धा असाच भरलेला आहे.

मी चाकू खाली ठेवला. "म्हणजे तो बाईसाहेबांनी लावलेला नाही?"

"लावलेला तोच. मधे मेला."

बावीस वर्षांपूर्वी ती भिंत दुरुस्त झाली होती. गवंड्यांनी चुन्याची पिंपं धुतली आणि ते पाणी गुलाबाच्या मुळाशी ओतलं. महिन्यात झाड गेलं. पण काकांनी त्याच्या चार वर्षं आधीच त्याचे तीन डोळे भरून मागच्या वाफ्याशी कुंड्यांत रोपं ठेवली होती. का? तर ठेवायची असतात म्हणून. जुन्या झाडाचं रोप मागे नसेल तर तो माळी कसला.

"मग मी थोरल्या साहेबांकडे गेलो," काका म्हणाले. थोरले साहेब म्हणजे तेव्हाचे व्यवस्थापक. आता ते नाहीत. "म्हटलं, साहेब, असं असं झालं. ते म्हणाले, हे रोप त्याचंच का? म्हटलं, त्याचंच कशाला, तोच आहे. ते म्हणाले, मग पाटीला हात लावायचा नाही. भर दुपारी खाली आले. मी चार फूट खणलं, चुन्याची माती सगळी काढली, नवी भरली. कुंडी त्यांनी धरली. सवय कुठली त्यांना! काटा घुसला डाव्या हातात. चांगला तीन दिवस ठणकत होता."

"पण काका, तो तोच कसा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं चौथा डोळा वाळल्यावर बघितलं होतं.

"डोळा कुठला? त्याचा. मग झाड कुठलं?"

माळ्यांच्या लेखी यात विचारण्यासारखं काही नसतं. जगातला जो जो जुना गुलाब आज दिसतो, तो असाच या हातातून त्या हातात आलेला असतो. आपण शेंडी कापली म्हणून माणूस बदलत नाही, तितकं ते सरळ आहे. पण मी साहित्याची विद्यार्थिनी होते. मला त्यात गोष्ट दिसली.

प्रकाशकांनी आधीच बजावलं होतं. "झाडांची नावं कोण वाचतं? प्रत्येक पानावर एक गोष्ट द्या. माणूस द्या."

मी माणूस दिला. घरी बसून एका बैठकीत लिहिलं. भिंतीवर आज फुलणारा गुलाब बाईसाहेबांचा नाही, असं पहिलंच वाक्य. मग चुना, मेलेलं झाड, एकटा माळी. त्याने कोणालाही न सांगता तिथे दुसरं रोप लावलं आणि बावीस वर्षं ते गुपित छातीशी धरलं, असं शेवटचं. त्याच्या निष्ठेला माझा नमस्कार, असंही होतं.

थोरले साहेब पहिल्या खर्ड्यात होते. त्यांनी धरलेली कुंडीही होती. मी त्या ओळी दोनदा वाचल्या. साहेब आले की गोष्ट ढिली पडत होती. दोघांचं गुपित हे गुपित वाटत नव्हतं. ते कार्यालयीन काम वाटत होतं. आणि खरं तर ते तेवढंच होतं.

मी साहेबांना काढून टाकलं. चार ओळी होत्या. मला आठवतं, त्या काढल्यावर मी उठून आरशासमोर केस विंचरले. इतकं छान वाटलं होतं.

प्रकाशकांचा फोन आला. "हे खरं लेखन! पुढचं पुस्तक तुम्हीच करायचं. जुन्या ग्रंथालयांवर."

पुस्तक आलं. पहिली प्रत मी काकांना नेऊन दिली. काका हात धुऊन आले, प्रत उलटीसुलटी केली, गुलाबाचं चित्र बघून म्हणाले, "फोटो चुकीच्या वेळी काढला. सकाळी काढायचा." चष्मा सापडत नव्हता. काकू म्हणाल्या, रात्रीचं आवरलं की मी वाचून दाखवीन.

पुढे दहा दिवस मी गेले नाही. वर्तमानपत्रात पुस्तकावर परिचय आला होता, त्यात गुलाबाचंच पान उचललं होतं. मी फोन घेण्यात गुंतले होते.

अकराव्या दिवशी गेले तेव्हा तिकीटखिडकीवरचा माणूस, जो मला एरवी तिकीट देत नसे, त्याने तिकीट फाडून हातात दिलं.

"गर्दी वाढली हो तुमच्या पुस्तकाने," तो म्हणाला. "सगळे एकच विचारतात. मी आता फलकच लावतो, खोट्या गुलाबाकडे."

मला वाटलं गंमत करतोय.

काका भिंतीशी शिडीवर होते. खाली एक कुटुंब उभं होतं. वडिलांच्या हातात माझं पुस्तक, बोट घालून.

"अहो माळीबुवा, तो खोटा लावलेला गुलाब हाच का?"

काका शिडीवरून उतरले. दोन पायऱ्यांवर थांबत, सावकाश.

"हाच," ते म्हणाले.

"आणि लावला कोणी, ते माळी अजून आहेत?"

"आहेत."

"कमाल माणूस हं! बावीस वर्षं सगळ्यांना बनवलं!" ते गृहस्थ हसले. त्यांना खरंच कौतुक होतं. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीपण पुस्तक वाचूनच आलात वाटतं?"

काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी माझी लेखिका म्हणून ओळख करून दिली असती, तशी ते सगळ्यांना करून द्यायचे, ही आमची मास्तरीणबाई, पुस्तक लिहिते. या वेळी त्यांनी ते माझ्यावर सोडलं.

"हो," मी म्हणाले. "वाचूनच आले."

काका परत शिडीवर चढले.

मी माळ्याच्या घरी गेले. काकू भाजी निवडत होत्या. पाय पूस म्हणाल्या नाहीत. मी आपणहून पुसले.

"या," त्या म्हणाल्या. "बसा."

मी उभीच राहिले. अकरा महिन्यांत त्या मला पहिल्यांदा अहो-जाहो करत होत्या.

"काकू, पुस्तक..."

"वाचलं ना. मीच वाचून दाखवलं यांना. मराठी फार छान आहे हो तुमचं." त्यांनी एक देठ मोडला. "शेवटची ओळ मी गाळली. यांनी ओळखलं. म्हणाले, वाच, काय आहे ते. मग वाचली."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, साहेब राहिले वाटतं छापायचे."

कार्यालयातून पत्र आलं ते त्याच आठवड्यात. मुदतवाढीचं नव्हतं. नव्या व्यवस्थापक मॅडमनी खुलासा मागवला होता. घराच्या मूळ मालकांची पणती दुसऱ्या शहरात असते. तिने पुस्तक वाचलं होतं आणि विश्वस्तांना लिहिलं होतं की पाटीखाली उभं राहून माझ्या मुलांनी फोटो काढले आहेत, आम्हाला किती वर्षं फसवलं गेलं?

काका पत्र घेऊन माझ्या खोलीवर आले. पहिल्यांदाच. जिने चढून दमले होते. खोलीभर पुस्तकाच्या प्रती पडल्या होत्या, त्या सरकवून मी खुर्ची मोकळी केली.

"हे तू लिही," ते म्हणाले. "तुला जमतं."

त्यात टोमणा नव्हता. मी बारकाईने बघितलं. नव्हता.

मी लिहायला बसले. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. चुना, खड्डा, माती. थोरल्या साहेबांना त्याच दिवशी सांगितलं. त्यांच्या समक्ष लावलं. कुंडी त्यांनी धरली. जे मी गाळलं होतं ते सगळं आता त्यांच्या नावाने, त्यांच्या सहीखाली, अर्जाच्या भाषेत लिहून काढलं. शेवटी 'आपला नम्र'. त्यांनी चष्मा लावून सही केली.

"काका, काही कागद असेल ना? त्या दिवसाचा?"

"कामाची वही आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही वही शोधली. अवजारांच्या खोलीत फळीवर अडतीस वह्या होत्या. ती तारीख सापडली. काकांचं अक्षर, खाली थोरल्या साहेबांची सही. मी बोट ठेवून वाचलं.

दक्षिण भिंत. गुलाब दुरुस्त केला.

"दुरुस्त?" मी म्हणाले. "नवीन लावला असं का नाही लिहिलं?"

"नवीन कुठे होता?" काका म्हणाले.

ती वही कामाची नव्हती. उलट ती दाखवली असती तर लपवाछपवीचा पुरावा झाला असता. आम्ही ती परत फळीवर ठेवली. काकांनी तिच्यावरची धूळ पुसली.

विश्वस्तांच्या बैठकीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले. वरच्या मजल्यावर, बाहेरच्या बाकावर बसले. दार नीट लागत नव्हतं. आतलं ऐकू येत होतं.

"तुम्ही म्हणता, तेव्हाच्या व्यवस्थापकांना माहीत होतं," मॅडमचा आवाज. त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी काकांना बसायला सांगितलं होतं. "पण पुस्तकात लिहिलंय, कोणालाही न सांगता. लेखिकेला ही माहिती तुम्हीच दिलीत ना?"

"मीच."

"मग तिला तेव्हा साहेबांचं सांगितलं होतं का?"

आत काकांची खुर्ची करकरली.

मला एवढंच करायचं होतं: उठायचं, दार ढकलायचं, आणि म्हणायचं, सांगितलं होतं, मी काढून टाकलं. पाच पावलं होती. ग्रंथालयांच्या पुस्तकाचा करार माझ्या पिशवीत होता, सही व्हायचा. ज्या मुलीने पहिल्याच पुस्तकात खोटं लिहिलं तिला दुसरं कोण देईल? हा विचार मी त्या बाकावर बसून केला. अगदी या शब्दांत. बाकाची पट्टी मांडीला टोचत होती, तेही आठवतं.

"नसेल सांगितलं," काकांचा आवाज आला. "बोलता बोलता राहून गेलं असेल."

ते बाहेर आले. मी अजून बसलेली होते.

"चल," ते म्हणाले. "तुला उशीर होत असेल."

पत्र आलं. एकच ओळ होती, आधीच्या तिन्हीसारखी. मुदतवाढ देता येत नाही. महिनाअखेर घर रिकामं करावं. काकूंनी ते कपाटाला चिकटवलं नाही.

मग मी गेले मॅडमकडे. पत्र आल्यावर. तेव्हा जाणं सोपं होतं. सगळं सांगितलं, गाळलेल्या चार ओळींसकट. माझा पहिला खर्डाही पुढे ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"तुम्ही त्या दिवशी बाहेर बसला होतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी शिपायाला विचारलं होतं, बाहेर कोण आहे. म्हणाला, मास्तरांची कोणीतरी आहे." त्यांनी कागद मला परत दिले. "विश्वस्त आता सहा महिन्यांनी बसतील. मी मांडीन. पण नवा माळी नेमलाय. तो त्या घरात राहायला येतोय. त्याला काय सांगू?"

शेवटच्या दिवशी सामान टेम्पोत चढत होतं. फार नव्हतं. काका बागेत नव्हते. मी शोधत दक्षिणेच्या भिंतीकडे गेले. पितळी पाटी काढली होती. विटांवर चार भोकं आणि एक फिकट चौकोन. काका खाली वाकून गुलाबाच्या बुंध्याजवळचा रानफुटवा काढत होते. खुंटाला खालून फुटवे येतात, ते रानगुलाबाचे असतात. काढले नाहीत तर वरचं झाड मरतं आणि रानगुलाब राहतो.

"नव्याला सांगितलंय," ते म्हणाले. "पण तो विसरेल. पाच पानांचा फुटवा आणि सात पानांचा फुटवा कळत नाही अजून त्याला."

मी म्हणाले, "काका, साहेबांचं मी मुद्दाम काढलं. विसरले नव्हते. गोष्ट चांगली व्हावी म्हणून."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं ना तुला."

"मग आत तसं का म्हणालात? राहून गेलं असेल म्हणून?"

त्यांनी फुटवा मुळापासून ओढला. जोर लागला. मग हात झटकले.

"तू बाहेर बसली होतीस," ते म्हणाले.

एवढंच. मी वाट बघितली की ते आणखी काही बोलतील, रागावतील. मला ते हवं होतं. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. काकूंनी हाक मारली, "अहो, चला! तो गुलाब काही तुमच्यासोबत यायचा नाही!" ते निघाले. चार पावलं जाऊन थांबले.

"पुन्हा छापतात ना पुस्तकं?"

"छापतात."

"तेव्हा साहेबांचं घाल. कुंडी त्यांनी धरली होती. फार सभ्य माणूस. मेल्यावर त्यांना कशाला वगळायचं?" मग जरा आठवून म्हणाले, "काटा लागला होता, तेही घाल. डावा हात."

स्वतःचं काही घाल म्हणाले नाहीत.

दुसरी आवृत्ती चार महिन्यांत निघाली. मी प्रकाशकांना दुरुस्ती पाठवली होती. त्यांचं म्हणणं, त्याच पानामुळे पुस्तक खपतंय, हात लावू नका. मी भांडले. मग भांडायची थांबले. ग्रंथालयांचं पुस्तक मी केलं नाही. त्यात मोठेपणा नाही. कोणत्याही ग्रंथपालाशी बोलताना तो काय सांगेल आणि मी काय काढून टाकीन, याचीच भीती वाटायला लागली होती.

काका लेकाकडे, तिसऱ्या मजल्यावर आहेत. मी तिकडे एकदा गेले. काकूंनी दार उघडलं, या म्हणाल्या, बसा म्हणाल्या. गॅलरीत चार कुंड्या होत्या. मी पाचवी शोधली. नव्हती.

विश्वस्त सहा महिन्यांनी बसले, तेव्हा हा विषय पुढच्या बैठकीवर गेला. तो अजून तिथेच आहे.

म्हणून जिथे छापून येईल तिथे हे लिहिते आहे. माझ्या पुस्तकाचं अडुसष्टावं पान चुकीचं आहे. दक्षिण भिंतीवरचा गुलाब बाईसाहेबांचाच आहे. तो कोणी लपवून लावलेला नाही. तो लावला तेव्हा भर दुपार होती. खड्डा चार फूट होता. कुंडी थोरल्या साहेबांनी धरली होती, आणि त्यांच्या डाव्या हातात काटा घुसला होता. चांगला तीन दिवस ठणकत होता.